रक्तातील राखणदार आणि तोंडाचा कर्करोग

श्रोतेहो, मागे एकदा बाजाराच्या दिवशी एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता. या गृहस्थांच्या डाव्या गालाला आतून, खालच्या दाढेच्या लगत, एक जखम झाली होती. तीन महिने झाले तरी ती भरत नव्हती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी मनावर घेतले नव्हते. मी तोंड उघडायला सांगण्यापूर्वीच त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तो रक्त तपासल्याचा कागद होता. त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पांढऱ्या पेशी सात हजार आहेत. ज्यांनी रक्त घेतलं ते म्हणाले, रक्त अगदी चोख आहे, काळजीचं कारण नाही. म्हणून तर इतके दिवस थांबलो."

मी त्यांचे तोंड पाहिले. जखमेच्या कडा वर उचललेल्या होत्या आणि बोटाला टणक लागत होत्या. पुढे त्या जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासला, तेव्हा तो तोंडाचा कर्करोग निघाला.

उपचार चालू असताना या गृहस्थांनी मला एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "माझ्या पोराच्या शाळेच्या पुस्तकात लिहिलंय की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. आता शिपाई तर पुरे होते. मग ही चोरी झाली कशी?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. शाळा थोडीच शिकलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न गेली शंभर-सव्वाशे वर्षे जगातले शास्त्रज्ञ सोडवीत आले आहेत. त्याचे उत्तर आज बरेचसे हाती आले आहे, आणि त्या उत्तरातच आपल्या घराघरांतून उपयोगी पडेल असे पुष्कळ काही आहे. म्हणून आज त्याविषयी बोलायचे ठरवले.

प्रथम या पांढऱ्या पेशी म्हणजे काय ते पाहू. एक घन मिलिमीटर रक्त घ्या, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा थेंब. त्यात तांबड्या पेशी सुमारे ४५ ते ५५ लाख असतात. बायकांत थोड्या कमी. पांढऱ्या पेशी मात्र ४ हजार ते ११ हजार एवढ्याच. तांबड्यांचे काम हमालाचे. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि सर्व अंगाला पोचवायचा. पांढऱ्यांचे काम राखणीचे. दोघींचाही जन्म हाडांच्या पोकळीतल्या मगजात होतो. पण तांबडी पेशी जन्मभर रक्तवाहिनीतच धावते, आणि पांढरी पेशी मात्र रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडते व मांसात, कातडीत, गालात, जिभेत, जिथे गरज असेल तिथे जाऊन पोचते. रक्त हा तिचा फक्त रस्ता आहे. तिचे काम रस्त्याच्या बाहेर, शेतात आहे. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

या पेशी राखण करतात हे प्रथम कोणी पाहिले? एली मेचनिकॉफ नावाचे एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ होते. १८८२ साली ते इटलीतल्या सिसिली बेटावर मेसिना गावी राहत होते. समुद्रातल्या तारामाशाची पिले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आत काय चालले आहे ते बाहेरून दिसते. मेचनिकॉफ यांनी अशा पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या पायात काटा मोडला की भोवती लाल होते, सूज येते, पू धरतो. तो पू म्हणजे दुसरेतिसरे काही नसून, लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग असतो. या शोधासाठी मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याबरोबर ते विभागून मिळाले जर्मनीच्या पॉल एर्लिख यांना. एर्लिख यांनी पेशींना वेगवेगळे रंग देऊन पांढऱ्या पेशींच्या जाती निरनिराळ्या ओळखण्याची रीत बसवली होती.

जाती पुष्कळ आहेत; आपल्याला आज चार पुरेत. पहिली न्यूट्रोफिल. ही सर्वांत अधिक संख्येची आणि सर्वांत आधी धावून जाणारी. आयुष्य फार थोडे, काही तासांचे किंवा फार तर काही दिवसांचे. दुसरी भक्षक पेशी. ही आकाराने मोठी. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करणारी. तिसरी खबऱ्या पेशी. हिला फांद्या फुटल्यासारखे हात असतात. ती तोंडाच्या आतल्या कातडीत बसून असते आणि काही वावगे दिसले की त्याचा नमुना घेऊन जवळच्या गाठीकडे खबर द्यायला जाते. आणि चौथी लिंफोसाइट. हिच्यात पुन्हा पोटजाती आहेत. त्यांतली एक मारेकरी लिंफोसाइट. बिघडलेली पेशी नेमकी हेरून तिला भोक पाडून मारणे, हे तिचे काम.

आता तुम्ही म्हणाल, जंतू बाहेरून येतो, तो परका म्हणून ओळखू येतो. कर्करोगाची पेशी तर आपल्याच अंगातली. तिला राखणदार ओळखणार कसे?

भातशेती करणाऱ्यांना हे लवकर समजेल. भाताच्या खाचरात कधी कधी रानटी भात उगवतो. पात तीच, उंची तीच. नवख्या माणसाला तो ओळखू येत नाही. जाणता शेतकरी मात्र निरखून पाहतो आणि उपटतो. आपल्या शरीरात असे निरखून पाहण्याची एक सोय निसर्गाने केलेली आहे. प्रत्येक पेशी आपल्या आत जी प्रथिने तयार करते, त्यांचे बारीक बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून मांडते. अडत्याच्या दुकानात पोत्यातले मूठभर धान्य वानगी म्हणून पुढे ठेवतात ना, तसे. मारेकरी लिंफोसाइट दारोदार फिरून ही वानगी तपासते. वानगी ओळखीची असली तर पुढे जाते. कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या पेशीत प्रथिने बिघडलेली असतात, म्हणून तिची वानगी वेगळी दिसते. ती दिसली की निकाल.

असे खरोखर घडत असावे हे एर्लिख यांनी १९०९ सालीच सुचवले होते. शरीरात ही राखण नसती तर कर्करोग आजच्यापेक्षा कितीतरी अधिक दिसला असता, असे त्यांचे मत होते. पुढे त्याला पुरावाही मिळाला. ज्यांच्या अंगात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले जाते, त्यांना पांढऱ्या पेशींचा जोर कमी करणारी औषधे घ्यावी लागतात, नाहीतर शरीर ते मूत्रपिंड परके म्हणून टाकून देते. अशा माणसांत कातडीचा आणि ओठाचा कर्करोग इतरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळतो. राखणदार पेंगले की तण माजते, हे यावरून उघड झाले.

मग आमच्या त्या गृहस्थांच्या अंगात राखणदार होते, जागेही होते. तरी असे का झाले? त्यासाठी त्यांच्या गालात वीस वर्षे काय चालले होते ते पाहिले पाहिजे.

विसाव्या-पंचविसाव्या वर्षापासून ते तंबाखू खात. चुना लावून मळलेली चिमूट डाव्या दाढेशी धरून ठेवायची सवय. दिवसातून आठ-दहा वेळा. चुन्याने गालाची आतली नाजूक कातडी भाजते. तंबाखूतील विषारी द्रव्ये त्या भाजलेल्या जागेतून आत शिरतात आणि पेशीच्या गाभ्यात वाढीची जी आज्ञा लिहिलेली असते, तिच्यातली अक्षरे खोडतात. सुपारी तर आपण निर्दोष समजतो, देवापुढेही ठेवतो. देवापुढे ठेवायला हरकत नाही. पण तंबाखू मुळीच न घालता नुसती सुपारी चघळणेदेखील कर्करोगाला कारण होते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. मावा, खर्रा, गुटखा या सर्वांत ही दोन्ही विषे एकत्र येतात. वर बिडी आणि दारू असली तर धोका आणखी वाढतो.

गाल भाजला की पांढऱ्या पेशी धावतात. जखम भरून काढणे हे त्यांचे कामच. पण जंतू मारण्यासाठी त्या जी तिखट रसायने सोडतात, ती आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही लागतात. पाखरांवर मारलेला गोफणीचा गुंडा कधी आपल्याच कणसाला लागतो, तसे हे. एखादे वेळी झाले तर बिघडत नाही, शरीर दुरुस्ती करते. पण रोज आठ-दहा वेळा, वीस वर्षे? जखम भरायच्या आत नवी जखम. पेशींना सतत नव्याने वाढावे लागते, आणि प्रत्येक वाढीत चूक होण्याचा संभव असतो. जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्शो यांना १८६३ सालीच कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या, आणि सततच्या दाहातून हा रोग उगवत असावा असा तर्क त्यांनी केला होता. म्हणजे पाहा, जे राखणदार आपले रक्षण करायचे, त्यांनाच आपण तंबाखूच्या चिमटीने रोज खोट्या हाका मारतो, आणि त्या धावपळीत शेत तुडवले जाते.

अशा पुष्कळ बिघडलेल्या पेशी मारेकरी लिंफोसाइट मारून टाकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण हजारात एखादी निसटते. निसटणाऱ्या पेशींत ज्या अधिक लबाड त्याच टिकतात, त्यांचीच प्रजा वाढते. त्यांची लबाडी कोणकोणती ते आता बऱ्यापैकी कळले आहे.

पहिली लबाडी म्हणजे वानगी लपवणे. पेशी आपल्या दारात नमुना मांडायचेच कमी करते, म्हणजे तपासणाराला काही सापडू नये. यावर उपाय म्हणून निसर्गाने आणखी एक जातीच्या पेशी ठेवल्या आहेत. ज्याच्या दारात वानगीच नाही त्याचा संशय घेऊन त्याला मारणाऱ्या. १९७५ साली त्यांचा शोध लागला. पण त्यांनाही कर्करोगाच्या पेशी चकवतात.

दुसरी लबाडी अधिक धूर्त. मारेकरी लिंफोसाइट भलत्यावरच धावून जाऊ नये म्हणून तिच्या अंगावर एक आवर, म्हणजे सायकलला असतो तसा ब्रेक, बसवलेला असतो. चांगली पेशी गरज पडेल तेव्हा तो दाबते आणि "मी घरचीच" असे सांगते. कर्करोगाची पेशी हीच खूण उचलते आणि समोर आलेल्या राखणदाराचा ब्रेक दाबून धरते. राखणदार समोर उभा असतो, पण त्याचा हात उठत नाही.

तिसरी लबाडी फितुरीची. भक्षक पेशींना कर्करोग वश करून घेतो. जखम भरण्याच्या वेळी या पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करीत असतात. तेच काम त्या आता गाठीसाठी करू लागतात. तिला रक्त पुरवतात, पसरायला वाट करून देतात. कुंपणच शेत खाऊ लागते. लिंफोसाइटमध्ये भांडण आवरणारी एक पोटजात असते, तीही गाठीत गोळा होऊन बाकीच्यांना शांत बसवते.

आणि चौथी गोष्ट लबाडीची नव्हे, थकव्याची. महिनोन् महिने त्याच शत्रूशी झुंजून मारेकरी पेशी दमतात. जिवंत असतात, जागेवर असतात, पण लढत नाहीत.

म्हणून तोंडातल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर गाठीच्या कडेला पांढऱ्या पेशींची जत्रा भरलेली दिसते. ज्या रोग्याच्या गाठीत मारेकरी लिंफोसाइट आतपर्यंत पुष्कळ शिरलेल्या असतात, त्याचा पुढचा मार्ग सामान्यतः बरा जातो. ज्याच्या गाठीत त्या काठावरच अडवल्या गेल्या, त्याला रोग अधिक जड जातो. तेव्हा शिपाई किती आहेत एवढेच पाहून भागत नाही. ते कुठे आहेत आणि काय करीत आहेत, हे खरे.

आता मानेच्या गाठींविषयी. पायाला जखम होऊन ती चिघळली की जांघेत अवधाण येते, हे सर्वांना ठाऊक आहे. अवधाण म्हणजे तिथली लसिका ग्रंथी सुजलेली. या ग्रंथी म्हणजे लिंफोसाइटच्या चौक्या. तोंडाच्या चौक्या जबड्याखाली आणि मानेत आहेत. खबऱ्या पेशी खबर घेऊन इथेच येतात. पण ज्या वाटेने खबर येते, त्याच वाटेने पुढे कर्करोगाच्या पेशीही येतात आणि चौकीतच ठाण मांडतात. तोंडाचा कर्करोग पसरतो तो बहुधा प्रथम मानेत, त्याचे हे कारण.

रोगी विचारतात, "मानेत गाठ लागत नाही, मग मान का कापायची?" मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने याचा मोठा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. तोंडाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही, अशा रोग्यांचे दोन गट केले. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या. दुसऱ्या गटात गाठ दिसू लागली तरच काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरातले ८० रोगी हयात होते, दुसऱ्यातले सुमारे ६७. एवढा फरक पडतो. तेव्हा डॉक्टरांनी मानेची शस्त्रक्रिया सांगितली तर ती उगाच सांगितली असे मानू नये.

आता त्या रक्ताच्या कागदाकडे परत येऊ. मघा सांगितले की रक्त हा पांढऱ्या पेशींचा रस्ता आहे. रक्त तपासताना आपण रस्त्यावरून जाणारे राखणदार मोजतो; शेतात काय चालले आहे ते त्यात दिसत नाही. गालात बोराएवढी गाठ असली तरी पांढऱ्या पेशींचा आकडा अगदी बरोबर असू शकतो, बहुतेक असतोच. उलट आकडा वाढलेला दिसला तर त्याचे कारण बहुधा साधे असते. दाढेतला पू, ताप, एखादी जखम. बिडी ओढणाऱ्यांतही तो थोडा चढा असतो. पांढऱ्या पेशींचाच एक वेगळा कर्करोग असतो, त्याला रक्ताचा कर्करोग म्हणतात. त्यात हा आकडा फार वाढू शकतो. पण तो रोग निराळा आणि तोंडाचा निराळा. रोग ठरल्यानंतर न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट यांचे एकमेकींशी प्रमाण पाहून रोगाचा जोर किती असावा याचा अंदाज बांधतात, हे खरे. पण रोग आहे की नाही हे त्या आकड्याने ठरत नाही. तोंडाचा कर्करोग ठरतो तो तोंड पाहून आणि तुकडा तपासून. तुकडा काढला म्हणजे रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. या समजुतीने महिने जातात, आणि गेलेले महिने परत मिळत नाहीत.

हीच राखण उपचारासाठी वापरता येईल का? येते. राखणदाराचा ब्रेक दाबला जातो हे कळल्यावर तो सोडवायचा कसा, याचा शोध सुरू झाला. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना या कामासाठी २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून निघालेली औषधे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर २०१६ पासून वापरात आली. नेहमीच्या औषधांनंतरही रोग उलटलेल्या माणसांवरचा प्रयोग त्याच साली प्रसिद्ध झाला. जुन्या औषधांवर असलेल्या शंभर रोग्यांपैकी वर्षाअखेर सुमारे १७ जगले, नव्या औषधावर ३६. औषध मात्र अतिशय महाग. म्हणून टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला. नेहमी २४० मिलिग्रॅम देतात त्याऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांबरोबर दिले. रोग हाताबाहेर गेलेल्या रोग्यांत नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे शंभरात १६ होते, ते या अल्प मात्रेने ४३ झाले. हा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला, आणि गरीब देशांच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. पण हे औषध सर्वांना लागू पडत नाही. शिवाय ब्रेक सुटलेला राखणदार कधी आपल्याच आतड्यावर किंवा फुप्फुसावर उठतो. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच अजून मुख्य उपाय आहेत.

उपचारातली आणखी एक गोष्ट घरच्या माणसांनी गाठ बांधून ठेवावी. कर्करोगाची काही औषधे हाडातल्या मगजालाही झोडपतात आणि पांढऱ्या पेशी फार खाली जातात. साधारणपणे औषध दिल्यावर एक-दोन आठवड्यांनी असे होते. त्या दिवसांत राखण नसते. अशा वेळी १००.४ अंशांवर ताप चढला तर घरी काढा देत बसू नये, सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. एरवी किरकोळ असलेला जंतू त्या वेळी प्राण घेऊ शकतो. आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी म्हणून जी चूर्णे आणि सरबते बाजारात मिळतात, त्यांनी तोंडाचा कर्करोग बरा होत नाही. त्या पैशांत रोग्याला दूध आणि अंडी द्यावीत.

मंडळी, आपल्या देशात २०२० साली तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रोगी झाले आणि ७५ हजार माणसे त्याने दगावली, असा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. साऱ्या जगातल्या नव्या रोग्यांपैकी तिसरा हिस्सा एकट्या भारतात! आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की हा रोग पोटात दडलेला नसतो. तोंड उघडले की दिसतो.

काय पाहायचे? महिन्यातून एकदा, चूळ भरून, उजेडात आरशासमोर उभे राहावे. ओठ उलटून पाहावे. दोन्ही गाल बोटाने ताणून आत पाहावे. जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा पाहाव्या, मग ती टाळूला लावून खालची बाजू पाहावी. हिरड्या आणि टाळू पाहावी. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर बोटे फिरवावी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात, मानेत टणक गाठ, यांपैकी काहीही आढळले तर डॉक्टरकडे जावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला हा रोग दुखत नाही, हीच त्याची खरी दगलबाजी आहे.

गुरुजींना एक वेगळे सांगणे आहे. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी शिरतात का, हे मुलांना करून पाहायला लावा. सुपारी चघळणाऱ्या मुलांचे गाल आतून ताठ होतात आणि तोंड कमी कमी उघडू लागते. तिखट सोसत नाही, भाकरीचा घास मावत नाही. हीदेखील कर्करोगाच्या आधीची पायरी आहे, आणि ती ऐन तरुणपणी येते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. कायदा कागदावर आहे. तो शाळेच्या फाटकापर्यंत आणायला गुरुजींखेरीज दुसरे कोण आहे?

आणि हे काम डॉक्टरच करू शकतो असेही नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या १३ पंचायतींत १९९६ पासून असा प्रयोग झाला. शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले आणि लोकांची तोंडे तपासली. २००५ साली निकाल प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते. एक बत्ती, दोन डोळे आणि थोडे शिक्षण, एवढेच भांडवल.

आता त्या गृहस्थांचे काय झाले ते सांगतो. त्यांचा थोडा जबडा आणि मानेच्या ग्रंथी काढाव्या लागल्या. दोन ग्रंथींत रोग पोचलेला होता. पुढे किरणोपचार झाले. आज ते शेतावर जातात, पण भाकरी दुधात कुस्करून खावी लागते आणि बोलणे नवख्या माणसाला चटकन कळत नाही. तीन महिने आधी आले असते तर कदाचित इतके काढावे लागले नसते.

पहिल्याच भेटीत, कागदाची घडी घालून ते उठू लागले, तेव्हा मी त्यांच्या धाकट्या भावाला म्हटले, "तुम्हीही जरा बसा, तोंड उघडा." त्यांच्या कनवटीला तंबाखूची पुडी होती. उजव्या गालात, ज्या जागी ते चिमूट धरीत नेमक्या त्याच जागी, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. त्यांनी पुडी त्या दिवशी टाकली ती टाकलीच. दर तीन महिन्यांनी ते दाखवायला येतात. चट्टा निम्म्याहून लहान झाला आहे. सगळ्यांचाच असा मावळतो असे नाही, म्हणून येणे चालू ठेवले आहे.

त्यांच्या रक्ताचा कागदही मी पाहिला. पांढऱ्या पेशी सात हजार दोनशे. म्हणजे कागदावर दोघे भाऊ सारखेच. फरक होता तो गालात, आणि तो कागदावर उमटत नव्हता. तोंड उघडल्यावरच दिसला.

तेव्हा "शिपाई पुरे होते, मग चोरी झाली कशी," याचे उत्तर असे की, शिपायांनी वीस वर्षे राखण केली. पण रोज आठ-दहा वेळा आपणच कुंपण मोडीत होतो, आणि शेवटी चोर आत आला तेव्हा आपण शेताकडे न पाहता हजेरीपट पाहत बसलो. आज घरी गेल्यावर दिवा जवळ घ्या, आणि घरातल्या तंबाखू-सुपारी खाणाऱ्या प्रत्येक माणसाचे तोंड एकदा पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.